पिंपाची चव

पिंप हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या ‘पिपा’चे आपल्याकडे पीप आणि पिंप झाले आणि मग दारूशी असलेले नाते सोडून ते पाण्याचे, रॉकेलचे, डांबराचे झाले. आज मराठी घरात पिंप म्हटले की स्टीलचे किंवा प्लास्टिकचेच डोळ्यांसमोर येते. लाकडी पिंप मी जवळून पाहिले ते बंगळूरमध्ये, इंदिरानगरातल्या एका छोट्या ब्रुअरीच्या काचेमागे. ओकच्या वाकवलेल्या फळ्या, त्यांना आवळणारे लोखंडी पट्टे, पोटाला एक बूच. आत आधी व्हिस्की मुरली होती, आता चार महिन्यांपासून काळी बिअर मुरत होती.

पेला लहानच दिला. बिअरचा रंग कोळशाचा, फेस तपकिरी आणि लगेच विरणारा. आधी भाजलेल्या कॉफीचा वास आला, मग काकवीचा, आणि त्याच्या मागून असे काही, जे धान्यातून आलेले नव्हते: व्हॅनिला, ओले लाकूड, सुके खोबरे. बिअर फार थंड नव्हती हे बरे झाले, कारण गारठ्यात असली बिअर मुकी होते. घोट जिभेवर जड, गोडसर, आणि शेवटी करपवलेल्या जवाचा कडवटपणा व छातीत उतरणारी ऊब. मला ती आवडली. खटकला तो फळ्यावरचा मजकूर. युरोपातली पिंपात मुरवण्याची प्राचीन परंपरा आता बंगळूरमध्ये आली आहे, अशा अर्थाचे काही तिथे लिहिले होते. हे विधान दोन्ही बाजूंनी लंगडे आहे. काळी बिअर बंगळूरला नवी नाही, आणि बिअरमधली लाकडाची चव प्राचीन नाही.

आधी काळ्या बिअरचे पाहू. तिचे जुने नाव पोर्टर, म्हणजे हमाल. अठराव्या शतकात लंडनच्या गोदीत आणि बाजारांत ओझी वाहणाऱ्यांची ही बिअर, गडद माल्टची, स्वस्त आणि पोटाला आधार देणारी. तिच्यातल्या कडक प्रकाराला स्टाउट पोर्टर म्हणत, पुढे नुसतेच स्टाउट राहिले. ‘इम्पीरियल’ हे बिरूद वाचून आपल्याला ब्रिटिश साम्राज्य आठवते, पण ते चिकटले रशियाच्या दरबारामुळे. लंडनच्या सदर्क भागातल्या अँकर ब्रुअरीतून तिकडे कडक स्टाउट जात असे.

हिंदुस्थानात आलेल्या बिअरची गोष्ट निघाली की इंडिया पेल एलचेच नाव घेतले जाते. लंडनच्या बो ब्रुअरीने जहाजांच्या कप्तानांमार्फत पाठवलेली ती फिकट, कडू बिअर, साहेबाच्या व्हरांड्यातली. पण तशाच जहाजांतून पोर्टरही येत होती आणि ती गोऱ्या शिपायांच्या कँटीनसाठी होती. आधी कंपनी सरकार आणि नंतर राणीचे सरकार ती फौजेसाठी घाऊक विकत घेई. फिकट बिअर अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची, काळी शिपायांची, अशी ही ढोबळ वाटणी. अधिकाऱ्यांनी पत्रे लिहिली, आठवणी छापल्या, वर्तमानपत्रांतून त्यांच्या पेयाच्या जाहिराती आल्या. त्यामुळे पेल एलला इतिहास मिळाला. बंगळूर क्लबात १८९९ सालची एक वही जपलेली आहे. तीत लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल यांच्या नावे १३ रुपये थकलेले दिसतात. शिपायाच्या उधारीची वही कुणी काचेखाली ठेवत नाही.

बंगळूरमध्ये हा शिपाई आला १८०९ मध्ये. श्रीरंगपट्टणची हवा गोऱ्या पलटणींना मानवेना, म्हणून छावणी इथे, सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या मोकळ्या माळावर हलवली. जुने शहर, म्हणजे केंपेगौडाची आणि काही काळ शहाजीराजांच्या जहागिरीतली पेठ, पश्चिमेला राहिले. पूर्वेला कॅन्टोन्मेंट वाढले आणि त्याच्या कडेने अरकाची दुकाने. अरकाने शिपाई मरतात, निदान कामातून जातात, ही लष्करी डॉक्टरांची जुनी तक्रार होती. त्यामानाने बिअर निरुपद्रवी, म्हणून कँटीनमधून तिला उत्तेजन मिळाले. देशी पलटणींना हे कँटीन नव्हते. त्यांच्यातल्या कुणी कधी पोर्टर चाखली असेल तर ती चोरूनच.

विलायतेहून प्रत्येक पिंप आणणे महाग पडे. त्यामुळे जिथे हवा थंड तिथे, हिमालयाच्या पायथ्याशी, निलगिरीत, बंगळूरमध्ये, ब्रुअऱ्या निघाल्या. यंत्राने बर्फ करण्याआधीच्या काळात ब्रुअरीची जागा थर्मामीटर ठरवत असे. दक्षिणेतल्या अशा पाच ब्रुअऱ्या १९१५ मध्ये टॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने एकत्र केल्या आणि युनायटेड ब्रुअरीज उभी राहिली. त्यांतली सर्वांत जुनी, कॅसल ब्रुअरी, १८५७ ची. कंपनीचा सुरुवातीचा धंदा बाटल्यांचा नव्हता. मोठमोठ्या पिंपांत भरलेली बिअर बैलगाड्यांवरून पलटणींकडे जाई. अशा एका मोठ्या पिंपाला इंग्रजीत हॉग्जहेड म्हणतात. त्यात सुमारे २४५ लिटर बिअर मावते, लाकडाचे वजन वेगळेच. ती गाडीवर चढवणारे आणि उतरवणारे हात कुणाचे होते हे कुठल्याही लेबलावर नाही, पण पोर्टर या नावाचा खरा वारसा त्या हातांकडेच जातो असे मला वाटते.

१९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या कंपनीचे पहिले भारतीय संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष. गोरी फौज गेली तसे काळ्या बिअरचे मुख्य गिऱ्हाईकही गेले. देशभर बाटलीबंद फिकट लागरचे राज्य आले. ग्रँट रोडचा विठ्ठल मल्ल्या रोड झाला आणि जुन्या ब्रुअरीच्या जागेवर यूबी सिटी नावाचे झगमगीत दुकानसंकुल उभे राहिले. २०१० नंतर शहरात जागेवरच बिअर करणारी उपाहारगृहे निघू लागली तेव्हा त्यांच्या यादीत गव्हाची, लागर, पेल एल आणि शेवटच्या ओळीत एखादी स्टाउट असे. लोक तिला परदेशी कौतुक समजले.

आता लाकूड. लंडनचे पोर्टरवाले आपली बिअर प्रचंड लाकडी हौदांत महिनोन् महिने ठेवत. १८१४ च्या ऑक्टोबरात म्यू कंपनीचा एक हौद फुटला, रस्त्यावर बिअरचा लोंढा आला आणि आठ माणसे मेली. या हौदांत चव बदलायची हे खरे, पण ती लाकडाने नव्हे, तर लाकडाच्या भेगांत वस्ती करून राहिलेल्या एका जंगली यीस्टने. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेनने १९०४ मध्ये तिचे नाव जाहीर केले, ब्रेटानोमायसेस, अर्थात ‘ब्रिटिश बुरशी’. लाकडाची स्वतःची चव मात्र ब्रिटिश ब्रुअरला नको असे. बाल्टिक किनाऱ्यावरचा ओक त्याला पसंत, कारण तो गप्प राहतो. अमेरिकन ओक खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास सोडतो, म्हणून त्याच्यावर नाराजी. थोडक्यात, इंदिरानगरात ज्या वासासाठी मी दुप्पट पैसे मोजले, त्याच वासासाठी शंभर वर्षांपूर्वी पिंप परत गेले असते.

हा दोष गुण कसा झाला त्याचे उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप त्या कामाला बाद. मग ती स्वस्तात बाहेर पडतात, स्कॉटलंडला जातात, भारतातही येतात. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने अशा पिंपांत कडक स्टाउट भरली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. म्हणजे जिला आपण प्राचीन म्हणतो ती परंपरा माझ्या कॉलेजच्या दिवसांएवढीच जुनी आहे.

बंगळूरमध्ये पिंपाचे शास्त्र मात्र बिअरवाल्यांच्या आधी दुसऱ्याच घराने गिरवले होते. आडनाव मराठी कानाला लगेच कळेल: जगदाळे. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये अमृत डिस्टिलरी काढली. त्यांचे चिरंजीव नीलकंठ जगदाळे यांनी २००४ मध्ये बंगळूरची सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के दारू हवेत उडते. तिकडचे लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरमध्ये हा वाटा १० ते १२ टक्क्यांवर जातो. अमृतने आठ वर्षे मुरवलेल्या एका व्हिस्कीला ‘ग्रीडी एंजल्स’, हावरट देवदूत, असेच नाव दिले. या उबेत लाकूड भराभर बोलते. तिकडे दहा-बारा वर्षांत येणारा रंग इथे चार-पाच वर्षांत येतो. गोऱ्या पलटणींना ज्या हवेने इथे आणले ती त्यांना थंड वाटली होती, पिंपाला तीच गरम वाटते.

बिअरला हा वेग सोसावा लागतो. व्हिस्कीइतका दम तिच्यात नसतो. लाकूड श्वास घेते, प्राणवायू आत येतो आणि महिना-दोन महिने जास्त झाले की स्टाउटला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा वास लागतो. इथल्या ब्रुअरला त्यामुळे पिंप सारखे चाखत राहावे लागते, लोणचे मुरले का ते पाहावे तसे. शिवाय कायदा आहेच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत कडक बिअरची कमाल मर्यादा ८ टक्के मद्यार्काची आहे. शिकागोची पिंपातली स्टाउट याच्या कितीतरी वर असते. त्यातच व्हिस्कीच्या पिंपातल्या फळ्यांत जुनी दारू जिरलेली असते, ती बिअरमध्ये उतरते आणि टक्केवारी वाढवते. त्यामुळे इथे मूळ बिअर आठाच्या बरीच खाली थांबवावी लागते आणि राहिलेली जागा पिंपासाठी मोकळी ठेवावी लागते.