बैठ्या बंगल्याची शंभरी

वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साताऱ्याचा अजिंक्यतारा येतो, सांगलीचं गणपती मंदिर येतं, फार तर एखादा सरदारी वाडा. पण गावाबाहेर चार-पाच गुंठ्यांत कुणा मास्तरानं किंवा कारकुनानं पै-पै साठवून बांधलेला कौलारू बैठा बंगला? त्याला कुणी वारसा म्हणत नाही. 'जुनं घर' म्हणतात आणि पाडतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ही घरं आता एकेक करून शंभरी गाठताहेत, म्हणून हा विषय.

ही घरं गावाबाहेर का गेली? १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत घाटावरच्या गावोगावी पसरला. लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहिले. भिंतीला भिंत लागलेली पेठेतली घरं, उजेड काय तो मधल्या चौकातून येणार, माजघर दिवसाही अंधारं! मोकळी हवा ही चैन नसून गरज आहे, हे त्या वर्षांनी लोकांना शिकवलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं तो धडा पुन्हा गिरवून घेतला.

त्याच सुमारास पगारावर जगणारा वर्ग वाढत होता. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगली-मिरजेच्या मध्ये विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज काढलं. कन्नडचे नामवंत कवी वि. कृ. गोकाक पुढे तिथे प्राचार्य होते. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. (तेव्हा साताऱ्याचा इंग्रजी मुलूख आणि सांगलीचं संस्थान वेगळे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून जन्मला.) शाळा, कॉलेजं, कचेऱ्या वाढल्या की शिक्षक आणि कारकून आलेच, आणि त्यांना घरंही हवीतच. साताऱ्यात सदर बझारकडे इंग्रजी छावणीतले बंगले लोकांनी पाहिलेले होते. साहेबाच्या बंगल्याची छोटी, ऐपतीतली आवृत्ती म्हणजे हा आपला बैठा बंगला.

आता असं घर वाचायचं कसं, ते सांगतो. छपरावरचं एक मंगलोरी कौल उतरवून उलटं करा. खाली कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशननं मंगळुरात असा पहिला कारखाना १८६५ साली काढला होता. तुळईच्या जागी लोखंडी गर्डर असेल तर त्यावरही बहुधा नाव सापडतं. जमिनीवर नक्षीची सिमेंटची फरशी दिसली तर थांबा. भारत टाइल्सचा कारखाना १९२२ मध्ये निघाला. तोवर अशी फरशी प्रामुख्यानं परदेशातून यायची. म्हणजे स्वदेशीची चळवळ अशी पायाखाली अंथरलेली असते! जोतं मात्र इथल्याच काळ्या दगडाचं. दूरचा माल आणि गावचा गवंडी यांची अशी गाठ ज्या घरात पडली, ते घर हाच पुरावा असतो.

माणसांचाही पुरावा असतो. वाड्यातली सून माजघराच्या पुढे क्वचित यायची. इथे ती व्हरांड्यात बसून निवडण-टिपण करू लागली, रस्ता बघू लागली. पण याच घराच्या मागच्या कुंपणाला एक छोटं दार असे. टोपलीचा संडास साफ करायला येणाऱ्या माणसाला पुढून प्रवेश नव्हता. मोकळी हवा आपण घेतली आणि ती वाट त्याच्यासाठी ठेवली. घर जपायचं तर ते मागचं दारही जपावं, असं मला वाटतं. वारसा म्हणजे केवळ अभिमानाच्या गोष्टी नव्हेत.

कायद्याचं काय? प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. पण नुसत्या वयानं काही होत नाही, कुणीतरी घर महत्त्वाचं ठरवावं लागतं. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीनं श्रेणी पाडल्या, साध्या घरांच्या अख्ख्या वस्तीलाही महत्त्व दिलं. म्हणजे भव्यता हे एकच माप नव्हे.

तरी घरमालकाला दोष देऊ नये. कौलं शाकारणारे हात मिळत नाहीत, पावसाळ्यात चार ठिकाणी पातेली ठेवावी लागतात, आणि बिल्डर दारात उभा असतो. आमच्या सांगलीच्या घराला पाच वारस आहेत, त्यांतल्या दोघांना पैशाची खरी नड आहे. त्यांना 'वारसा जपा' असं पुण्या-मुंबईत बसून सांगणं सोपं आहे. मी सही अडवणार नाही.

पण नातेवाईक मंडळींना एक विनंती. आधी पुढचा भाग दवाखान्याला किंवा अभ्यासिकेला भाड्यानं देऊन डागडुजीचा खर्च निघतो का, याचा हिशेब मांडू या. नाहीच निघाला, तर पाडण्यापूर्वी घराची मापं घेऊन नकाशा काढू, प्रत्येक खोलीचे फोटो घेऊ, नावाचं एक कौल आणि चार फरश्या ठेवून घेऊ, जुने उतारे आणि पावत्या रद्दीत जाऊ देणार नाही. मोठ्यांचा इतिहास लिहायला बखरकार होते. मास्तर-कारकुनांनी मागे ठेवलं ते बहुधा घरच.

तुमच्याही गावात असा एखादा बंगला उभा असेल. पुढच्या खेपेला तिथे गेलात तर मागच्या बाजूनंही एक चक्कर मारा आणि काय दिसलं ते जरूर कळवा.