पुण्यातील जुनी चर्च

पुण्याच्या पेठांत आणि लष्कर भागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उभी राहिलेली ख्रिस्ती देवालये. कोणते चर्च कोणासाठी बांधले, हे त्याची जागाच सांगते.

सर्वांत जुने ‘सिटी चर्च’ पेशवाईतले. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि पोर्तुगीज अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये आजच्या नाना पेठेत, क्वार्टर गेटपाशी जागा दिली. पहिली वास्तू साधी, मातीची होती. सध्याची १८५२ ची आहे. राजधानीच्या वेशीवर परधर्मीय शिपायांना देऊळ बांधू देणारी ही पेशवाई आपल्या इतिहासलेखनात फारशी भेटत नाही.

इंग्रजी अमलातली चर्च मात्र छावणीची. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ मध्ये सेंट मेरीज चर्चचा अर्पणविधी केला. त्याच्या भिंतींवर इथे मरण पावलेल्या अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिला आहेत. आयरिश कॅथलिक सैनिकांच्या वर्गणीचा हातभार लागलेले सेंट पॅट्रिक्स १८५० चे. १८८६ मध्ये कॅथलिक पुणे धर्मप्रांत स्थापन झाल्यावर ते कॅथीड्रल ठरले. १८६७ च्या सेंट पॉल्सच्या गॉथिक रचनेमागे पॅरिसच्या सँत शापेलचा आदर्श असल्याचे सांगतात.

गुरुवार पेठेतील ‘पवित्र नाम देवालय’ या सर्वांहून वेगळे. या पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. परिसरातल्या पाच हौदांवरून मिशनला आणि चर्चलाही ‘पंचहौद’ हे नाव पडले, आणि पुणेकरांच्या तोंडी आजही तेच आहे. हे छावणीपासून दूर, पेठेतल्या मराठी ख्रिस्ती समाजात १८८५ मध्ये उभे राहिले. घंटाघर इटालियन कँपानिलेसारखे चर्चपासून सुटे बांधले आहे. त्यातल्या आठ घंटा इंग्लंडमधील लफबरो गावच्या टेलर यांच्या ओतशाळेतल्या. दोर ओढून त्या ठरावीक क्रमाने वाजवायच्या, अशी इंग्रजी पद्धतीची बांधणी आहे. मिशन चालवत काउली फादर्स हा अँग्लिकन धर्मसंघ आणि इंग्लंडमधील वाँटेजच्या धर्मभगिनी. याच भगिनींच्या ओळखीतून पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण महाराष्ट्राला पंचहौद ठाऊक आहे तो चहामुळे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनच्या आवारात व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली; तेव्हा न्या. रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हजर होते. गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात हजर मंडळींची नावे छापली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण ते काशीत घेतल्याचे सांगितले. एका पेल्याने सुधारक आणि सनातनी दोघांचीही कसोटी पाहिली.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यापासून पंचहौद त्या चर्चचा भाग आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पुणे धर्मप्रांताचे ते कॅथीड्रल असून तेथील उपासना मराठीत चालते.