डब्बा चालू काऊन?

परवा शेलूबाजारला घरी गेलो आणि विषय मिळाला.

रात्री वीज गेली. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि कोपऱ्यातला राऊटर. आबा म्हणाले, "रातच्याले कोनी पाहत नाही, तं हा डब्बा चालू काऊन?"

प्रश्न साधा, पण त्यामागे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. सुरुवात लॅपटॉपच्या बॅटरीपासून झाली. २००० साली इंटेलने स्पीडस्टेप आणि ट्रान्समेटाने लाँगरन आणलं. प्रोसेसरचा वेग कमी, सोबत व्होल्टेजही कमी. खरी मेख व्होल्टेजमध्येच आहे, कारण वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. नुसता वेग निम्मा केला तर तेच काम दुप्पट वेळ चालतं, बचत फारशी नाही. लिनक्सच्या २.६ मालिकेत ही सोय आली आणि २००४ मध्ये त्यात 'ऑनडिमांड' आला, म्हणजे भार पाहून वेग बदलणारा.

राऊटरची वाट वेगळी होती. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जीचा सोर्स कोड खुला झाला, २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. त्या पहिल्या डब्यात प्रोसेसर १२५ मेगाहर्ट्झचा आणि रॅम १६ एमबी. त्यात वेग आणखी काय कमी करणार! पुढच्या दशकात क्वालकॉमच्या आयपीक्यू८०६४ सारख्या चिप आल्या, ३८४ मेगाहर्ट्झपासून १.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावणाऱ्या, तेव्हा दोन्ही वाटा एकत्र आल्या.

आमच्याही डब्यात ही सोय होती. दुसऱ्या दिवशी प्लगला वॅटमीटर लावून बसलो. आधी वेग कायम जास्त, मग कायम कमी, मग ऑनडिमांड. प्रत्येक वेळी दोन कॉम्प्युटरमध्ये तीच फाईल पाठवली आणि सोबत पिंग चालू ठेवलं. कमी वेगात फाईल रेंगाळली. ऑनडिमांडमध्ये पिंग मधूनच उडी मारायचं, कारण तो ठराविक वेळाने भार बघतो आणि मग वेग वाढवतो. आणि डबा रिकामा असताना? मीटरवर तिन्हींत फरक जवळजवळ नाहीच! काम नसलं की प्रोसेसर तसाही झोपतो. वीज खातात ते वायफायचे रेडिओ, पोर्ट आणि अडॅप्टर.

आबा म्हणाले, "मंग बंदच कर ना बाप्पा!"

पण दादाचा फोन अमेरिकेहून रात्रीच येतो आणि घरात मोबाईलला रेंज नाही. शेवटी दोनपैकी एक रेडिओ रात्री बंद राहील असं वेळापत्रक लावलं. मीटर थोडा का होईना, उतरला.

त्या रात्री दादाचा फोन आला. आबा त्याला पहिलं वाक्य बोलले, "आता डब्बा कमी खाते बरं!"