कण्यातली दोरी

वसईच्या वाडीत केळीचा लोंगर उचलताना कमरेत उसण भरते. दोन दिवस शेकले की माणूस पुन्हा कामाला लागतो. पण कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरली, तर दुखणे निराळे. आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला गृध्रसी म्हटले. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून.

नाव जुने, पण कारण उशिरा उमगले. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते, हे अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली जगाला पटवून दिले. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत औषधाने, हालचालीने शमतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

नस ही फांदी. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कण्यात उतरणारी मूळ दोरी. मानेचे पहिले दोन मणके ढिले झाले, की तीच चेपू शकते. ते मणके पट्टी आणि स्क्रूने जखडण्याची रीत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. आज ती परदेशांतही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून धावते आहे. तेव्हा मंडळी, पायातले बळ गेले, हातातली वस्तू निसटू लागली, लघवी अडली, तर मान-कंबर चोळून, मोडून घेण्यात दिवस दवडू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दुखणे वाट पाहील. दबलेली दोरी पाहत नाही.