दौरोच्या खोऱ्यात सुट्टी : पाहुण्यानं पाहायचं काय?



आज एका साध्या शब्दापासून सुरुवात करतो. पिंप. आपल्याकडं पाण्याचं पिंप असतं, डांबराचं असतं, एके काळी रॉकेलचं असायचं. हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आला. पगार, चावी, घमेलं आले तसाच. मूळ शब्द 'पीपा', म्हणजे दारूचं लाकडी पिंप. पोर्तुगालच्या उत्तरेला एक डोंगराळ खोरं आहे, तिथं पीपा हे आजही मापाचं एकक आहे. एक पीपा म्हणजे साधारण साडेपाचशे लिटर. आपण पोतं किंवा खंडी म्हणावं, तसं तिथं वाइनच्या बाबतीत पीपा म्हणतात. आज त्या खोऱ्यात जायचंय. दौरो नदीचं खोरं. पोर्ट वाइन म्हणतात ती इथली.

उन्हाळ्यात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, जगभरातून लोक इथं सुट्टीला येतात. येणारा पाहुणा साधारण पाच गोष्टी करतो. नदीत बोटीनं फिरतो, नदीकाठच्या रेल्वेत बसतो, द्राक्षमळ्यांतून पायी हिंडतो, एखाद्या किंतामध्ये, म्हणजे मळ्यातल्या वाड्यावर, वाइन चाखतो, आणि सुगी चालू असली तर पायांनी द्राक्षं तुडवतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की यातली एकही गोष्ट मौजेसाठी सुरू झालेली नाही. प्रत्येक गोष्ट कुणाची तरी मजुरी होती, कुणाचा धंदा होता, कधी कधी कुणाचा जीवही गेला. हे ठाऊक असलं तर सुट्टी बिघडत नाही. उलट, आपण काय पाहतोय ते कळायला लागतं.

आधी जागा समजून घेऊ. दौरो नदी स्पेनमध्ये उगम पावते आणि पोर्तो शहराजवळ अटलांटिकला मिळते. वाइनचा प्रदेश मात्र पोर्तोला नाही. तो तिथून बराच आत, मारांव डोंगराच्या पलीकडं सुरू होतो आणि स्पेनच्या सीमेपर्यंत जातो. हा डोंगर समुद्रावरून येणारा पाऊस अडवतो. आपल्याकडं सह्याद्री अडवतो आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला पर्जन्यछाया पडते, अगदी तसंच. म्हणून खोऱ्यात उन्हाळा भाजून काढणारा आणि हिवाळा कडक. तिथली म्हणच आहे : नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक.

जमीन कशी आहे? खरं सांगायचं तर जमीन नाहीच. शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक आहे. माणसांनी पहारीनं आणि सुरुंगानं तो फोडला, त्याची माती केली, आणि निघालेल्या दगडांच्या भिंती रचून ती माती उतारावर अडवली. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातला गडगा किंवा घाटावरची दगडी ताल डोळ्यांसमोर आणा, आणि ती नदीपासून डोंगरमाथ्यापर्यंत, एकावर एक, मैलोन् मैल चढत गेलेली बघा. पाणी भिंतीच्या फटींतून झिरपून जातं, म्हणून भिंत टिकते. या भिंती रचायला शेजारच्या गालिसियातून, म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातून, गरीब मजुरांच्या टोळ्या यायच्या. वाइनच्या बाटलीवर मळ्याच्या मालकाचं नाव असतं. भिंत रचणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

आता प्रश्न असा, की इतका खटाटोप कशासाठी? उत्तर इंग्लंडमध्ये आहे. इंग्रजांची फ्रान्सशी सारखी युद्धं चालायची, त्यामुळं फ्रेंच वाइन महाग आणि दुर्मिळ झाली. १७०३ साली मेथुएन तह झाला. त्यानुसार इंग्रजी लोकरीच्या कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ मिळाली आणि पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागली. पोर्तोत इंग्रज व्यापारी बसले, त्यांची वखार झाली. समुद्रप्रवासात वाइन नासू नये म्हणून तिच्यात द्राक्षाचाच कडक अर्क मिसळायची पद्धत पडली. पुढं एकोणिसाव्या शतकात हीच तिची ओळख ठरली. रस आंबत असताना मध्येच अर्क घालायचा, की आंबणं थांबतं आणि साखर शिल्लक राहते. पोर्ट गोड आणि कडक का, याचं उत्तर हे.

मागणी वाढली की भेसळ येते. कुणी बाहेरची वाइन मिसळायला लागलं, कुणी रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस. नाव गेलं, भाव पडला. तेव्हा लिस्बनमध्ये कारभार होता पोंबालच्या मार्क्विसचा. हा माणूस आपल्या इतिहासातही डोकावतो. जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून घालवलं ते यानंच. गोव्यातलं इन्क्विझिशन १७७४ मध्ये पहिल्यांदा बंद झालं तेही याच्याच काळात. पुढं काही वर्षांत ते पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं गेलं, ती गोष्ट वेगळी.

या पोंबालनं १७५६ मध्ये दौरोच्या वाइनसाठी एक सरकारी मक्तेदार कंपनी काढली आणि प्रदेशाची हद्द आखली. हद्दीच्या आतली तीच खरी. इटलीत कियांतीची आणि हंगेरीत तोकायची हद्द याआधी ठरली होती. पण हद्द, प्रतवारी, भाव आणि तपासणी हे सगळं एका यंत्रणेखाली आणण्याचं काम इथं झालं. हद्दीवर ग्रॅनाइटचे उंच दगड रोवले, एकूण ३३५. त्यांवर शब्द कोरला 'फैतोरिया', म्हणजे वखार. वखारीला विकायच्या, निर्यातीच्या प्रतीची वाइन या आतली. एल्डरबेरीची झाडं उपटून टाकायचा हुकूम निघाला.

इथं थोडं थांबा. दगडाच्या अलीकडं ज्याचा मळा, त्याचं भलं झालं. दगडाच्या पलीकडं तेच ऊन, तोच खडक, पण भाव नाही. आणि पोर्तो शहरातल्या गुत्त्यांवरही या कंपनीचाच हक्क. १७५७ च्या फेब्रुवारीत पोर्तोत दंगा उसळला. गुत्तेवाले, कारागीर, बायका रस्त्यावर आल्या. पोंबालनं लष्कर पाठवलं आणि कित्येकांना फाशी दिली. आज बाटलीवर जो 'प्रदेशाचा शिक्का' आपण कौतुकानं वाचतो, त्याच्या जन्मकथेत हा फासाचा दोरही आहे. त्या ३३५ दगडांपैकी शंभराहून अधिक अजून उभे आहेत. काही शेताच्या बांधावर, काही घराच्या भिंतीत. तिथं गेलात तर एक तरी दगड शोधा. फुकट आहे, आणि तिथं गर्दी नसते.

आता बोट. आज दौरो एखाद्या तळ्यासारखी शांत आहे. ती तशी नव्हती. खडकाळ, धबाबा धावणारी नदी होती. पिंपं पोर्तोकडं न्यायची तर राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून, मागं लांबलचक सुकाणूचं वल्हं धरून. उलट येताना काठावरून बैल किंवा माणसं दोरानं ओढायची. व्हालैरा नावाच्या घळीत तर नदी इतकी अडलेली होती, की अठराव्या शतकाच्या शेवटी दहा-बारा वर्षं सुरुंग लावून वाट मोकळी केली. त्यानंतरच वरचा प्रदेश मळ्यांना खुला झाला.

याच घळीत १८६१ च्या मे महिन्यात एक होडी उलटली. तीत जोसेफ जेम्स फॉरेस्टर होता. इंग्रज व्यापारी, पण या नदीचा उत्तम नकाशा काढणारा, आणि वाइनमध्ये अर्क मिसळू नका म्हणून स्वतःच्याच जातभाईंशी भांडणारा. तो बुडाला. त्याच होडीत दोना आंतोनिया फरेरा होत्या, रेग्वा गावच्या, खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या मळेवालीण. त्या वाचल्या. लोक सांगतात, की त्याच्या कमरेला पैशांचा पट्टा होता, त्यानं तो खाली गेला, आणि त्यांच्या घेरदार झग्यात हवा भरली, त्यानं त्या तरल्या. ही दंतकथा आहे, पुरावा नव्हे. पण लोकांनी ती का जपली बघा. भांडणात फॉरेस्टर हरला, अर्काची वाइन जिंकली, आणि गावानं लक्षात ठेवली ती गावची बाई.

ती उसळती नदी आता पाण्याखाली आहे. १९७० च्या दशकापासून दौरोच्या या टप्प्यावर धरणं झाली, व्हालैराचं १९७६ मध्ये. आज क्रूझ बोट धरणाच्या जलपाशातून लिफ्टसारखी वर चढते. कारापातेलो धरणाशी ही चढण जवळजवळ पस्तीस मीटरची आहे. फोटो छान येतात. पण तुम्ही तरंगताय ते जुन्या धोक्याच्या बरंच वर, हे मनात असू द्या.

धरण सगळीकडंच झालं असंही नाही. दौरोला मिळणाऱ्या कोआ नदीवर धरण बांधायला घेतलं होतं, तेव्हा खडकांवर वीस हजार वर्षांपूर्वीची घोड्यांची, गव्यांची कोरीव चित्रं सापडली. संशोधक बोलले, गावच्या शाळेतली मुलंही रस्त्यावर उतरली. धरणाचं काम थांबलं आणि १९९८ मध्ये ती चित्रं जागतिक वारसा झाली. सुट्टीतला एक दिवस कोआला द्याच.

रेल्वेकडं वळू. पोर्तोहून निघालेली ही लाइन १८८० मध्ये पिन्यांवला आणि १८८७ मध्ये स्पेनच्या सीमेवर पोहोचली. जाताना उजव्या खिडकीत बसा, रेग्वाच्या पुढं नदी अगदी खिडकीखाली येते. पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, १९३७ ची. पणजीच्या फोंतान्यासमध्ये घरांच्या नावांच्या तशा फरशा तुम्ही पाहिल्या असतील, ते याचंच नातं. चित्रांत सुगी आहे : खुडणाऱ्या बायका, पाठीवर टोपल्या घेऊन उतरणारे पुरुष. एका टोपलीत पन्नास-साठ किलो द्राक्षं, तिचा पट्टा कपाळावर. आणि रेल्वेची एक खंतही आहे. शेवटचा, पोसिन्यो ते सीमेपर्यंतचा तुकडा १९८८ मध्ये बंद पडला. रूळ गवतात आहेत.

मळ्यांतून चालताना मध्येच भिंती दिसतात, पण वेली नाहीत, नुसती झुडपं. त्यांना तिथं 'मोर्तोरियो' म्हणतात. शब्दातच मरण आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची कीड युरोपात आली. ती मुळं खाते. बघता बघता डोंगर वाळले. उपाय निघाला तो असा, की अमेरिकन खुंटावर युरोपी वेलीचं कलम करायचं. ज्यांना परवडलं त्यांनी नव्यानं लावलं. ज्यांना नाही परवडलं, ते गाव सोडून गेले, कित्येक ब्राझीलला. मोर्तोरियो म्हणजे त्यांची शेतं. इतिहासाच्या पुस्तकात कर्जबाजारी शेतकरी आकड्यात येतो. इथं तो भिंतीच्या रूपात उभा आहे.

आणि शेवटी द्राक्षं तुडवणं. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा रुंद हौद. सुगीला डोंगरातल्या गावांतून मजुरांच्या टोळ्या यायच्या, ढोल वाजवत. दिवसभर खुडायचं, वाहायचं, आणि रात्री हौदात मांडीभर रसात उभं राहायचं. पहिले दोन तास खांद्याला खांदा लावून, एका ठेक्यात, कवायतीसारखं पाऊल टाकायचं. बोलायचं नाही. ते झालं की मुकादम ओरडायचा, 'स्वातंत्र्य!' मग वाद्य सुरू, नाच सुरू. पाहुण्यांना आज हा दुसरा भाग दाखवतात. पहिला कुणी विकत घेत नाही. याच मजुरांवर मिगेल तोर्गा यांनी १९४५ मध्ये 'सुगी' या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ते याच डोंगरातल्या गरीब घरातले. त्यांना हे आतून माहीत होतं.

आता पणाला काय लागलंय ते सांगतो. २००१ मध्ये युनेस्कोनं या खोऱ्यातल्या २४,६०० हेक्टरला जागतिक वारसा म्हटलं. वारसा म्हणून काय नोंदवलं? वाइन नव्हे, हा माणसानं घडवलेला डोंगर. पण कोरडी भिंत दरवर्षी कुठं ना कुठं ढासळते. ती पुन्हा रचायला हात लागतात. तरुण शहराकडं गेलेत, गावं म्हातारी झालीत. बुलडोझरनं काढलेल्या, भिंती नसलेल्या मातीच्या पायऱ्या स्वस्त पडतात. पर्यटन यावर औषध आहे का? काही अंशी आहे. १९८६ पर्यंत पोर्ट फक्त नदीच्या मुखाशी असलेल्या गाया गावातल्या गोदामांतूनच निर्यात होऊ शकत होती. तो नियम सुटला आणि खोऱ्यातल्या छोट्या मळेवाल्यांना स्वतःच्या नावानं माल विकता आला. अशा घरी पाहुणा येऊन दोन बाटल्या घेऊन गेला, तर त्यातला काही पैसा भिंतीपर्यंत पोहोचतो. बोटीतच जेवला, बोटीतच झोपला, आणि काठावर दोन तास उतरला, तर तो पोहोचत नाही.

म्हणून माझी यादी छोटी आहे. रेल्वेनं जा. गावात राहा. हद्दीचा एक दगड शोधा. एक मोर्तोरियो बघा. छोट्या किंतामध्ये जाऊन मालकाला वाइनबद्दल विचाराच, पण या वर्षी किती भिंत पडली आणि ती कोण रचणार, हेही विचारा. बहुतेक तो तुम्हाला घरामागं घेऊन जाईल आणि दाखवेल.

आणि घरी परतल्यावर पाण्याच्या पिंपाकडं एकदा बघा. शब्द आपल्याकडं रिकामा आला. भरलेला असताना तो कुणाच्या पाठीवर होता, ते आज आपण पाहिलं.

आता प्रश्न घेऊ.