ओट्याची रुंदी

जानेवारीत चार दिवस तंजावरला एका मैत्रिणीकडे राहिले. राहिले ते तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तिचं घर अजून जोत्यापर्यंतच आलं आहे. मैत्रीण तंजावरी मराठी, नवरा तमिळ. दोघांनी नोकरीची वर्षं चेन्नईत काढली आणि आता तिच्या आजोबांच्या जागेवर घर बांधून इथंच राहायचं ठरवलं. जुनं घर तीन पावसाळ्यांपूर्वी छतासकट खाली बसलं.

जागा बृहदीश्वर मंदिरापासून तीनशे मीटरच्या आत आहे. संरक्षित स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. यांनी ती घेतली आहे. घर एकमजलीच असणार. "राजराजाच्या शेजारी राहायचं, तर मान खाली घालूनच," नवरा हसत म्हणाला.

जोत्याशेजारी जुन्या घराचे दोन सागवानी खांब प्लास्टिकखाली झाकून ठेवले होते. ते पाहून मी हळहळले : एवढंच वाचलं? थोडी डागडुजी करून जुनंच घर उभं ठेवता आलं नसतं? मैत्रीण शांतपणे म्हणाली, "तुला चार दिवस बघायचंय. आम्हाला राहायचंय."

हे ती इंग्रजीत म्हणाली. त्याला कारण मी आहे. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही एकत्र होतो. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याशी तिच्या घरच्या मराठीत बोलली आणि मी हसून तिचं वाक्य दुरुस्त केलं. त्यानंतर वीस वर्षं आम्ही इंग्रजीतच बोलत आलो. पुढे मी भाषांतरकार झाले. दुसऱ्यांची वाक्यं सांभाळण्यावर माझं पोट चालतं. तिचं ते एक वाक्य मात्र मला सांभाळता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईबरोबर मंदिरात गेले. १०१० साली पूर्ण झालेल्या या मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाचे तमिळ शिलालेख आहेत. नंदीवरचा मंडप नायकांच्या काळातला. आणि आवारात एका भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरलेला आहे. सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. आज कुणी या दगडाला छिन्नी लावली, तर तो गुन्हा ठरेल.

हा लेख विजयाचा नाही. १७९९च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला होता. त्यांच्याकडे उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. म्हणजे राज्य हातचं गेल्यावर चार वर्षांनी या राजाने आपल्या पूर्वजांची कथा दगडावर लिहवली. राज्यापेक्षा दगड टिकेल, हे त्यांना कळलं असावं. १८५५ मध्ये पुढचा राजा शिवाजी औरस मुलाविना वारला आणि कंपनीने उरलेलंही खालसा केलं. दरबारातली मराठी दप्तरात गेली. घरातली मात्र स्वयंपाकघरात, देवघरात, लग्नाच्या बोलण्यांत चालू राहिली.

सतराव्या शतकात व्यंकोजी इथे आले, तेव्हा त्यांनाही रिकामी जागा मिळाली नव्हती. नायकांचा राजवाडा होता. त्यातच भोसल्यांनी वाढवून बांधलं. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तर 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर आणल्या. त्या गावातली मराठी तमिळच्या सावलीला वाढली, तर त्यात बिघडलं काय? मी मात्र पुण्याची बोली म्हणजे मूळ वास्तू आणि मैत्रिणीची बोली म्हणजे तिच्यावरचं अतिक्रमण, असं धरून चालले होते. खरं तर दोन्ही घरं तेव्हापासून वेगवेगळी वाढली आहेत. माझ्या घरातलं जुनं सामान कधी गेलं, ते मला कळलंही नाही. आई अजून 'कोठे' म्हणतात. मी 'कुठे' म्हणते.

परतलो तेव्हा जागेवर वाद चालू होता. रस्त्याकडेला तिण्णै ठेवायची की नाही? गवंडी तिण्णै म्हणत होता, नकाशावर व्हरांडा लिहिलं होतं, आई ओटा म्हणत होत्या. तिन्हींत फरक आहे. व्हरांडा घरच्यांसाठी असतो. तिण्णैवर येणारा-जाणारा अनोळखी माणूसही टेकतो. जावयाला तिथे गाडी लावायची होती. मला मत विचारलं. मी म्हणाले, "मला इथे राहायचं नाही."

मैत्रीण माझ्याकडे बघून हसली आणि आईंकडे वळून म्हणाली, "ओटा केवढा पाहिजे, तू सांग." मराठीत. माझ्यासमोर, इतक्या वर्षांनी.

आईंनी हिशेब दिला : दोन माणसं बसली पाहिजेत आणि त्यांच्यामध्ये कॉफीचे दोन डबरा-टंबलर मावले पाहिजेत. मैत्रिणीने ते गवंड्याला तमिळमध्ये सांगितलं. त्याने मला आणि आईंना विटांच्या चवडीवर बसवलं, मध्ये दोन विटा ठेवल्या आणि चुन्याची फक्की टाकून रेघ ओढली. गाडी बाहेर उभी राहील.