मांडूळ आणि त्याचे मालक

महाडाहून पोलादपुराकडे जाताना सावित्रीच्या खोऱ्यातील भातखाचरांच्या बांधावर कधी कधी एक आखूड, जाडजूड, तपकिरी डागांचा सर्प कुदळीच्या घावाखाली सापडतो. ‘घोणस, घोणस’ अशी आरोळी उठते आणि काठ्या धावतात. पुष्कळदा ती घोणस नसतेच. तो असतो डुरक्या घोणस. विषाचा थेंबही त्याच्या अंगी नाही. अमेरिकेच्या अरण्यांतील बोआ ज्या कुळातला, त्याच कुळाची ही आपल्याकडील ठेंगणी शाखा होय. तिचाच दुसरा भाऊबंद मांडूळ. त्याला देशावरची कोरडी, भुसभुशीत जमीन अधिक मानवते, आणि माणसाकडून पाळले जाण्याचे दुर्दैव मुख्यतः त्याच्याच वाट्यास आले.

या दोघांचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८०१ साली प्रसिद्ध झाले. मांडुळाचे वर्णन पॅट्रिक रसेल याने केले व तरंगमबाडीचा मिशनरी जॉन याचे नाव त्यास दिले. योगायोग असा की, इंग्रजीत खऱ्या विषारी घोणशीला ओळखतात ते याच रसेलच्या नावाने.

परंतु शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी गारुड्याने मांडुळास आपल्या टोपलीत घातले होते. मांडुळाचे शेपूट तोंडाइतकेच बोथट असते. संकट आले म्हणजे डोके वेटोळ्याखाली दडवून शेपूट पुढे करावे, हा त्याचा बचाव. शत्रूला फसविण्याची ही युक्ती गारुड्याच्या पोटापाण्यास उपयोगी पडली. सहा महिने या तोंडाने व सहा महिने त्या तोंडाने चालणारा ‘दुतोंड्या’ पाहावयास गर्दी जमू लागली. आणि शेपटीवर डोळे व जबडा नीट दिसावेत म्हणून तेथे डागण्या देण्याची किंवा चिरण्याची अमानुष रीत काही गारुड्यांत रूढ झाली. पाहणाऱ्यांनी दुसरे तोंड मागितले नसते, तर ती डागणी कशास लागली असती?

खाण्याची कथा याहून बरी नाही. नागपंचमीस त्याच्यापुढे दुधाची वाटी येई. सर्पास दूध पचत नाही. तहानेने व्याकुळ झालेला प्राणी त्यात तोंड घालतो तो पाण्याच्या आशेने. त्याचे खरे अन्न म्हणजे उंदीर व घुशीची पिल्ले. मातीत अंग पुरून तो वाट पाहतो, भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालून विळखा आवळतो आणि श्वास थांबल्यावर डोक्याकडून गिळतो. एकदा पोट भरले की कित्येक दिवस पुन्हा खाण्याची त्यास गरज नसते. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक आफ्रिकेतील वाळूतला बोआ पाळतात. काचेच्या पेटीत वाळू पसरून एक बाजू उबदार ठेवतात, लपावयास जागा देतात आणि आठ-दहा दिवसांनी एखादे लहान उंदराचे पिल्लू घालतात. वेस्ट इंडीजमधील बुटक्या बोआंची गोष्ट अधिक कठीण. त्यांची पिल्ले पालींवाचून दुसऱ्या कशास सहसा तोंड लावीत नाहीत.

आपल्याकडे मात्र ही हौस कायद्याबाहेरची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत हे सर्प येतात. तथापि गारुड्याची टोपली मागे पडल्यावर मांडुळामागे त्याहून वाईट मालक लागले. तो गुप्तधन दाखवितो, असाध्य रोग बरे करतो, वजनावर लाखांनी विकला जातो, अशा कंड्या पिकल्या. मग पोत्यांत व डब्यांत कोंडलेली मांडुळे महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांच्या हाती लागू लागली. एकाही मांडुळाने आजवर कोणास हंडा दाखविल्याचे ऐकिवात नाही! उंदीर मारून धान्य राखणे, हे एवढेच धन त्याच्यापाशी आहे.

इकडे महाड-पोलादपुराच्या बाजूस या लोभात निराळाच धोका आहे. बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात १९७६ साली आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर ओळखले गेले; या भागातील सर्पदंशांचाही त्यांनी अभ्यास केला. मांडूळ समजून डुरक्या धरावा आणि तो डुरक्या नसून घोणस निघावी, यास अंधारात क्षणही लागत नाही. घोणशीचे डोके त्रिकोणी व मानेपासून वेगळे असते, पाठीवर गोल डागांच्या तीन साखळ्या असतात, आणि ती मोठ्याने फुत्कारते. डुरक्याची मान दिसतच नाही, डाग वेडेवाकडे असतात आणि शेपूट अगदी आखूड व खरखरीत असते. दोघांचीही पिल्ले अंडी न घालता थेट जिवंत जन्मतात. त्यांतली घोणशीची पिल्ले जन्मल्या दिवसापासून विषारी असतात.